मानेवरची गाठ: अवधाण, गंडमाळ की लिम्फोमा?

भाच्याच्या मानेवरची गाठ ताईच्या बोटांना लागली ती आंघोळीआधी तेल चोळताना. तासगावकडचं घर, ऑक्टोबर छाटणीची धांदल. "अवधाण आलं असेल," म्हणून सगळे बागेत गेले. गाठ दुखत नव्हती, त्यामुळे कुणाला काळजीही वाटली नाही. खरं तर तिथंच वाटायला हवी होती.

अवधाणाला, म्हणजे जवळपासच्या जखमेने किंवा जंतुसंसर्गाने सुजलेल्या गाठीला, कारण सापडतं. घसा आलेला असतो, दाढ किडलेली असते, डोक्यात उवांनी फोड झालेले असतात. हात लावला की पोर कळवळतं, गाठ बोटाखाली सरकते आणि दोन-तीन आठवड्यांत उतरू लागते. लिम्फोमाची, म्हणजे रसग्रंथींच्या कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही, खोडरबरासारखी घट्ट लागते, कारण सापडत नाही आणि वाढतच जाते. जागाही बघा. जबड्याखाली हरभऱ्याएवढी गाठ धडधाकट मुलालाही असते. पण गळ्याच्या हाडावरच्या खळगीत लागली, तर ती कितीही लहान असो, वाट पाहू नका.

खरा घोटाळा गंडमाळेशी, म्हणजे गाठीच्या टीबीशी होतो. ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, वजन उतरणं हे दोन्हींत असतं. गंडमाळेच्या गाठी एकमेकींना चिकटतात, पुढे मऊ पडून फुटतात, कधी घरात टीबीचा पेशंट असतो. तरी नुसत्या हाताने हा फरक ठरवू नये. आमच्याकडे तपासणीआधीच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत बोराएवढी गाठ लिंबाएवढी झाली.

मग तपासायला गाठीतून सुईने पेशी काढायच्या की तुकडा? सुईने टीबी बऱ्याचदा सापडतो. लिम्फोमाचे हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे दोन प्रकार; त्यातल्या हॉजकिनमध्ये मात्र गाठीत रोगाच्या मूळ पेशी मोजक्याच असतात, त्या सुईत येतीलच असं नाही. म्हणून सुईचा रिपोर्ट चांगला आला, तरी गाठ वाढत असेल तर अख्खी गाठ काढून तपासायला सांगा. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती काढून टाका. आणि त्याआधी गाठ बसवायला स्टेरॉईड घेऊ नका. लिम्फोमा त्याने तात्पुरता आक्रसतो आणि निदान हुकतं.

हॉजकिन बहुतेक वेळा महिनोन्‌महिने सावकाश वाढतो, किशोरवयात जास्त दिसतो. नॉन-हॉजकिनमधला बर्किट नावाचा प्रकार दिवसागणिक वाढतो. पोट फुगतं, दुखतं, उलट्या होतात. छातीत गाठ असेल तर आडवं पडलं की धाप लागते, खोकला येतो, चेहरा सुजतो. असं दिसलं तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

सुरुवातीच्या तपासण्यांसाठी सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय जवळ आहे. पुढच्या उपचारांसाठी इथले अनेकजण परळच्या टाटाला जातात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. नीट उपचार मिळाले तर हॉजकिनची दहातली नऊ मुलं बरी होतात. आमचा भाचा त्यातलाच.

गाठ लागली त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा, शेजारी तिचा आकार लिहा: हरभरा, बोर, सुपारी. "कधीपासून आहे?" हा डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, आणि ताई नुसती माझ्याकडे बघत राहिली.