डिमेन्शियाचं माणूस घरी सांभाळताय? कोर्स, ग्रुप, डे-केअर की ब्युरोची मावशी

आधी एक ठरवा, तुम्हाला नक्की काय कमी पडतंय? माहिती, बोलायला कोणीतरी, की झोप? आम्ही सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचं निदान झाल्यावर तिन्ही एकाच जागी मिळेल म्हणून वर्षभर वणवण केली, म्हणून विचारतेय.

माहितीसाठी डब्ल्यूएचओचा (जागतिक आरोग्य संघटनेचा) आयसपोर्ट हा सांभाळणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन कोर्स चांगलाय. फुकट, 5 भाग, 23 धडे, आणि नडेल तो धडा आधी घेता येतो. मी सरळ वागण्यातल्या बदलांवर गेले, कारण रोज संध्याकाळी सासूबाई पिशवी भरून दारात, "मला घरी जायचंय", आणि आम्ही आपले "अहो आई, हेच तुमचं घर" करत तासभर वाद घालतोय. वाद सोडून "चहा घेऊ, मग निघू" म्हणायला लागलो तेव्हा कुठे घरात जरा शांतता झाली. पण कोर्स करायला निवांत अर्धा तास लागतो आणि तो कुठून आणायचा ते कोर्स काही सांगत नाही!

सपोर्ट ग्रुपचं तसं नाही. एआरडीएसआय ही अल्झायमर आणि तशा आजारांच्या पेशंट-कुटुंबांसाठीची संस्था 1992 मध्ये केरळात सुरू झाली, मुंबईसकट बऱ्याच शहरांत तिच्या शाखा आहेत. ग्रुपमध्ये "वय झालं की होतंच हो" असं कोणी म्हणत नाही, तिथे लोक बाथरूमची आतली कडी आजच काढा असलं सांगतात, जे डॉक्टरच्या 10 मिनिटांत निघत नाही. मन मोकळं होतं. पण रात्री 3 वाजता उठायचं तुम्हालाच.

हेल्पलाइन म्हणाल तर दोन नंबर सेव्ह करा. ज्येष्ठांसाठी 14567, सकाळी 8 ते रात्री 8. आणि स्वतः कोलमडायला आलात तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

खरं तर सगळ्यात पटलेला प्रकार गोव्यातला. तिथे 81 कुटुंबं घेऊन एक अभ्यास झाला, 2008 मध्ये छापून आला. ट्रेनिंग दिलेली स्थानिक माणसं सहा महिने घरी येऊन समजावणार, ऐकून घेणार, वर मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख. पेशंटच्या स्थितीत ठळक फरक दिसला नाही, पण सांभाळणाऱ्याचं मानसिक आरोग्य सुधारलं, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं की! तुमच्या भागात असं घरी येणारं कोणी असेल तर पहिलं तेच धरा.

आता पैसे देऊन स्वतःसाठी तास मोकळे करायचे म्हटलं तर डे-केअर, म्हणजे दिवसा सांभाळणारं केंद्र, किंवा ब्युरोकडून घरी येणारी पगारी मावशी. डे-केअर चालत्याफिरत्या माणसाला उत्तम, चार माणसं दिसतात, दिवस जातो, तुम्ही नोकरी टिकवू शकता. जायच्या आधी विचारा, लघवीचं भान नसलेल्यांना घेता का, दाराबाहेर निघून जाणाऱ्यांवर लक्ष ठेवायला कोण आहे, ने-आण कोण करतं. आमचं ने-आणीवरच अडलं, सकाळी त्यांना तयार करून रिक्षात बसवण्यातच माझा दम निघायचा. शिवाय अशी केंद्रं मोठ्या शहरांतच, तीही मोजकी, तालुक्याच्या गावी कुठून मिळणार.

मावशी महाग पडते, तरी रात्रीची झोप जात असेल तर मी आधी रात्रपाळीची मावशीच लावेन, कोर्स-बिर्स नंतर. फक्त "डिमेन्शियाचा अनुभव आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "जेवूनही जेवले नाही म्हणाले तर काय कराल" असं विचारा. आमच्या पहिल्या मावशी "आत्ताच तर जेवलात" म्हणून भांडल्या आणि चौथ्या दिवशी गेल्या. दुसरीने येताच मेथीची जुडी पुढ्यात ठेवली, दोघी निवडत बसल्या, जमलं. आणि ती सुट्टीवर गेली की बदली कोण, हे ब्युरोकडून पैसे द्यायच्या आधीच लिहून घ्या, आमची पहिली दिवाळी त्यातच गेली.