रूफस: उबंटू पेनड्राइव्हवर ठेवायचं तर हेच, पण अपग्रेडच्या नादी लागू नका

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवणं सोपं आहे. वायफायचा पासवर्ड, फाइल्स, घातलेली सॉफ्टवेअर्स मशीन बंद केल्यावरही टिकवायची, खरी मेख तिथे आहे. विंडोजवर त्यासाठी रूफस, म्हणजे बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर, सगळ्यात कमी कटकटीचं. इथे आपण उबंटू हे लिनक्स घेऊ. फुकट, इन्स्टॉल करायला नको, आणि आवृत्ती ३.७ पासून पर्सिस्टन्सची, म्हणजे केलेले बदल टिकवायची, सोय आहे. एचर हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर आयएसओ (लिनक्सची डाउनलोड केलेली इमेज फाइल) जशीच्या तशी उतरवतं, त्यात बदल साठवायला जागाच नसते.

आधी पेनड्राइव्ह नीट घ्या: यूएसबी ३, ३२ जीबी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेणार असाल तर पक्कं बिल मागा आणि घरी एच२टेस्टडब्ल्यू (h2testw) हे ड्राइव्हची खरी जागा तपासणारं सॉफ्टवेअर लावून पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, लागू द्या. नकली ड्राइव्ह ६४ जीबी दाखवतो आणि आत ८ जीबीच असतात. उबंटू झकास सुरू होतं, साठवलेलं मात्र गायब होतं, आणि दोष उगाच रूफसच्या माथी येतो.

रूफसमध्ये आयएसओ निवडली की पर्सिस्टंट पार्टिशनची सरकपट्टी दिसते. नसेल दिसत, तर त्या आयएसओसाठी रूफसमध्ये ही सोय नाही. पट्टी शून्यावर असते, १५ जीबीपर्यंत सरकवा. स्वतंत्र पार्टिशन बनतं, म्हणून फॅट३२ वरच्या फाइलला असलेली ४ जीबीची मर्यादा आड येत नाही. पुढे मोड विचारला तर आयएसओ मोडच घ्या. डीडी घेतलात की आयएसओ जशीच्या तशी उतरते, पर्सिस्टन्स जातं आणि मुसळ केरात.

पेनड्राइव्हवरून सुरू करायला बूट मेनू लागतो: मशीन चालू करताना डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९. उबंटूसाठी सिक्युअर बूट (फक्त सही केलेली सिस्टिम सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद करायची गरज नसते. उगाच बंद केलंत तर विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर रिकव्हरी की मागून बसेल.

उबंटू सुरू झाल्यावर टर्मिनलमध्ये 'डीएफ -एच' (df -h) द्या. रूटच्या, म्हणजे शेवटी नुसतं / असलेल्या, ओळीत तुम्ही दिलेल्या १५ जीबीच्या आसपास आकडा हवा. रॅमच्या निम्म्याइतकाच दिसला तर पर्सिस्टन्स लागलेलं नाही.

सरसकट अपग्रेड मात्र टाळा. मूळ सिस्टिम फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते. अपग्रेड केलेल्या प्रत्येक पॅकेजची नवी प्रत पर्सिस्टंट भागात जाते आणि जुनीची जागा काही सुटत नाही. नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) उतरतो, पण बूट होतो तो आयएसओमधलाच. हवं ते पॅकेज तेवढं घाला.

शटडाउन पूर्ण होण्याआधी ड्राइव्ह उपटला तर फाइल सिस्टिम बिघडते. मग दुसऱ्या लिनक्सवर, पार्टिशन माउंट न करता, 'ई२एफएससीके' (e2fsck) ही दुरुस्तीची कमांड चालवावी लागते.

रूफसची खरी उणीव एकच: पर्सिस्टंट पार्टिशन एन्क्रिप्टेड नसतं. लोकलच्या गर्दीत ड्राइव्ह पडला तर ज्याला सापडेल त्याला सगळं वाचता येईल. बँकेची स्टेटमेंटं, आधारची पीडीएफ त्यावर ठेवू नका.

एकाच ड्राइव्हवर चार-पाच डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे प्रकार) हव्या असतील तर व्हेंटॉय हे सॉफ्टवेअर बरं. मात्र तिथे पर्सिस्टन्सची फाइल वेगळी बनवून जेसन (JSON) या सेटिंगच्या फाइलमध्ये स्वतः जोडावी लागते.