डब्याला जागा देणारं वॉटर पार्क

खान्देशातल्या या पार्कचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारही आहे. पण सगळ्यात आधी डब्याचं सांगते. गेटवर पिशव्या तपासतात त्या दारू, गुटखा आणि काचेच्या बाटल्यांसाठी. आमच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बिबडे (ज्वारीचे पापड), कैरीचं लोणचं सगळं आत गेलं. कडुनिंबाखाली मोठी शेड आहे, सतरंजी अंथरायला ऐसपैस जागा आहे, प्यायला गार पाणी आहे.

बाहेरचं खाणं अडवणारी पार्कं पुष्कळ. शांघायचं डिस्नीलँडही अडवायचं. 2019मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीने दावा लावला, तेव्हा कुठे नियम सैल झाला. पॅरिसजवळचं डिस्नी पार्क 1992मध्ये उघडलं तेव्हा तिथे वाइन मिळत नव्हती. जेवताना वाइन घेणाऱ्या फ्रेंचांना ते रुचलं नाही आणि पुढच्याच वर्षी ती द्यावी लागली. टोकियोच्या डिस्नीलँडमध्ये तर लोक परेडच्या आधीच चटया अंथरून जागा धरतात. माणसं आपलं घरचं वळण सोबत घेऊनच फिरतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की आपल्याकडे घरातलं सगळं खटलं एकत्र निघतं आणि एकत्रच जेवतं. हे इथल्या मालकाने ओळखलंय, त्याचं मनापासून कौतुक.

रांगेत मात्र रोज वाद होत असणार. आपल्याकडे एक जण उभा राहतो आणि नंबर आला की मागून अख्खं घर येतं. मागे ताटकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांचा संताप मला पटला. सुरतेहून आलेल्या आमच्या जाऊबाईंनी सगळ्यांना आधीपासूनच रांगेत उभं केलं, तेच बरोबर. तिथे तशी पाटी हवी आणि सांगणारा माणूसही हवा.

आता तक्रार. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत. कारण योग्यच आहे: धागे फिल्टरमध्ये अडकतात, ओली ओढणी घसरगुंडीत गुंतली तर जिवावर बेतेल. पण भाड्याने मिळणारे बायकांचे पोशाख सगळे गुडघ्याच्या वर! माझ्या दोन्ही नणंदा पूर्ण तिकीट काढून भर मे महिन्यात काठावर बसून राहिल्या. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे नायलॉनचे सूट ठेवायला असा कितीसा खर्च येतो? सासूबाई तर गेटवरच म्हणाल्या होत्या, "मी नही उतरस पानीमा." त्यांच्याकडूनही पूर्ण पैसे घेतले. नातवंडांना सांभाळायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळं, कमी दराचं तिकीट असायलाच हवं. मॅनेजरला दोन्ही गोष्टी सांगितल्या, त्यांनी वहीत लिहूनही घेतल्या.

जाणार असाल तर गेट उघडायच्या वेळेलाच पोहोचा, दुपारी शेडमध्ये जागा मिळत नाही. बायकांनी लांब बाह्यांचा नायलॉनचा सूट घरूनच न्यावा, तो चालतो.