चिपळूणच्या पुरानंतरच्या चिखलावरची डॉक्युमेंट्री, आवर्जून बघा

पुरानंतर चिपळूणला मदतीला धावून आलेल्या पोरापोरींवरची तासाभराची डॉक्युमेंट्री आमच्याकडे हॉलमध्ये दाखवली, आधीच सांगते, चांगली आहे, बघाच. पुराची फिल्म म्हटलं की छपरावरची माणसं आणि बोटी एवढंच असतं, हिच्यात पाणी पहिल्या काही मिनिटांत ओसरतं आणि उरलेला सगळा वेळ चिखल. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना विचारा, खरे हाल तिथून सुरू झाले.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही बाजारपेठेत घुसल्या, वरून धो धो पाऊस आणि खाली खाडीला भरती, पाणी जाणार कुठे. 26 जुलै 2005 च्या पुराच्या अंदाजाने लोकांनी माल वर रचला होता, पाणी त्याच्याही वर गेलं. हे एक दुकानदार काका दोन वाक्यात सांगतात आणि गप्प होतात, बास, मागे कॉमेंटरी वगैरे काही नाही.

मला सगळ्यात आवडला तो मधला भाग, जिथे फक्त काम दिसतं. फावडं, घमेली, माणसांची साखळी, आतल्या खोलीतला गाळ बाहेर, बाहेरचा रस्त्यावर, आणि हे सगळं गाळ वाळायच्या आत, कारण एकदा वाळला की तो लाद्यांवर सिमेंटसारखा बसतो. एक मुलगी भिजलेल्या मालाच्या प्रत्येक ढिगाचा आधी फोटो काढते मगच बाकीच्यांना उचलायला देते, कारण पंचनामा व्हायचाय आणि माल फेकला तर दाखवणार काय. असलं शहाणपण कोणी शिकवत नाही हो, मालकाशी दोन शब्द बोललं तरच कळतं. मग विहिरी उपसून पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर टाकणारी पोरं, बंद पडलेल्या मोटरसायकली रस्त्यावरच खोलून बसलेले मेकॅनिक. आणि लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर! 1864 पासूनची लायब्ररी, तिथली पुस्तकं लगदा होऊन घमेल्यातून बाहेर येताना बघून आमच्या रांगेतले सगळेच रडत होते, मीपण.

जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांचा सीनही ठेवलाय ते बरं केलं. मदत म्हणून आलेले फाटके कपडे रस्त्याकडेला भिजत पडलेत आणि एक बाई म्हणते आम्हाला शेगडी हवी, चटया हव्यात, सॅनिटरी पॅड हवेत. पुढच्या वेळी मदत पाठवणाऱ्या प्रत्येकाने एवढी पाच मिनिटं तरी बघावीत.

आता खटकलं ते. मुलाखती बहुतेक मुंबई-पुण्याहून आलेल्यांच्या. आले, राबले, त्यांचे उपकार आहेतच, पण ज्यांचं स्वतःचं घर चिखलात असताना आधी शेजारच्या म्हातारीचं घर धुतलं ती चिपळूणमधल्याच पेठमापची, खेंडची माणसं नुसती मागे चालताना दिसतात, त्यांना कोणी बोलतं केलं नाही. वरच्या भागातल्या घरांमधून डबे करून पाठवणाऱ्या बायका तर एकाच शॉटमध्ये. तळियेचा भागही घाईत उरकलाय. महाड तालुक्यातलं ते गाव, त्याच दिवशी दरड कोसळून ऐंशीच्या वर माणसं गेली, ते दुःखच वेगळं आहे, त्याला चार मिनिटं देण्यापेक्षा स्वतंत्र फिल्म करायला हवी होती. म्युझिक पण जास्त झालंय, रडणाऱ्या माणसावर व्हायोलिन कशाला.

आणि फिल्म संपते ती स्वयंसेवकांची गाडी निघते तिथे. त्याच्यानंतर चिपळूणच्या लोकांनी नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं, मग वाशिष्ठीत पोकलेन उतरले, पूररेषेवरून, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं म्हणून बांधकामावर बंधनं घालणाऱ्या रेषेवरून, वाद झाले, ह्यातलं काहीच नाही. घरातला गाळ काढणाऱ्यांवर तासभर आहे तर नदीतल्या गाळासाठी बसलेल्यांवर निदान दहा मिनिटं हवी होती, तीही स्वयंसेवकच की. दिग्दर्शकांना तिथेच विचारलं, दुसरा भाग करायचा विचार आहे म्हणाले. करा, नक्की करा.

शाळा-कॉलेजात दाखवायची असेल तर पावसाळ्याच्या आधी दाखवा, मे महिन्यात चाकरमानी गावी असतात तेव्हा वाडीत पडदा लावून दाखवली तर अजूनच चांगलं.