सदरमधला पाच संध्याकाळचा बायबल वर्ग, विषय अग्नी आणि बाप्तिस्मा: आमचा अनुभव

पेंटेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या, आधीच्या आठवड्यात नागपूरच्या सदरमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मराठीतून बायबल वर्ग झाला, पाच दिवस, रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ, फी 200 रुपये, त्यात चहा आणि झेरॉक्स नोट्स. मी आईला घेऊन पाचही दिवस गेले. पुढचा वर्ग लागला की जाऊ का नको असं दोघीतिघींनी विचारलं म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आम्ही का गेलो ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एका प्रार्थना सभेत एका प्रचारकाने आईला सगळ्यांसमोर म्हटलं की तुमचा फक्त पाण्याचा बाप्तिस्मा झालाय, अग्नीचा झालेला नाही, अन्य भाषा, म्हणजे आत्म्याने भरून न शिकलेल्या भाषेत, बोलत नाही म्हणजे आत्मा मिळालेला नाही. आई सत्तरीची, लहानपणापासून उपासना चुकवली नाही तिने, आणि त्या रात्री घरी येऊन देवघरातल्यासारखी शांत बसून राहिली, जेवली नाही. तेव्हापासून तिच्या मनात ते घर करून होतं. मला उत्तर देता येत नव्हतं, वाईट त्याचंच जास्त वाटायचं.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या ताईंनी काहीच समजावलं नाही, फक्त येशूच्या जीवनाची चारही शुभवर्तमानं शेजारी शेजारी उघडायला लावली. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो माझ्यामागून येणारा पवित्र आत्म्याने बाप्तिस्मा करील, हे चौघांत आहे. पण "आणि अग्नीने" हे फक्त मत्तय 3:11 आणि लूक 3:16 मध्ये आहे, मार्क 1:8 मध्ये नाही, योहान 1:33 मध्ये नाही. पुढे प्रेषितांची कृत्ये 1:5 मध्ये प्रभू येशू स्वतः हेच वाक्य परत बोलतो तिथेही अग्नी नाही. मी इतकी वर्षं वाचते पण कधी लक्षातच आलं नव्हतं. मग ताई म्हणाल्या आता मत्तयात एक ओवी वर आणि एक ओवी खाली वाचा. वर दहाव्या ओवीत फळ न देणारं झाड तोडून अग्नीत, खाली बाराव्या ओवीत भूस न विझणाऱ्या अग्नीत. म्हणजे सलग तीन ओव्यांत तीनदा अग्नी, आणि आपण मधला एकच उचलून त्याचं गाणं करतो.

बारावी ओवी खळ्याची आहे ना, तिथे मला आमचे आजोबा आठवले. काटोलकडे आमचं शेत होतं, गहू मळून झाला की आजोबा तिवईवर चढून सुपातून गहू हळूहळू सोडायचे आणि वाऱ्याची वाट बघायचे, वारा पडला की हात थांबायचा, वारा सुटला की दाणा सरळ खाली आणि भुसा उडून पार बांधापर्यंत. ताईंनी सांगितलं की हिब्रूत रूआख आणि ग्रीकमध्ये प्न्यूमा हा शब्द वारा, श्वास आणि आत्मा तिन्हीसाठी आहे, तेव्हा मला एकदम दिसलं की योहान आत्मा आणि अग्नी का जोडून बोलतोय, वारा वेगळं करतो आणि विस्तव उरलेलं जाळतो, खळ्यावरचीच दोन कामं आहेत ती. आणि भूस कुठून आलं तर त्याच ओंबीतून, दाण्याला चिकटूनच वाढलेलं असतं ते. न्यायाचा अर्थ ताईंनी अजिबात पातळ केला नाही हे मला आवडलं, जाळणं म्हणजे जाळणंच म्हणाल्या, पण तो विस्तव आपल्या हातात दिलेला नाही. लूक 9 मध्ये याकोब आणि योहान हे शिष्य विचारतात ना, येशूला न स्वीकारणाऱ्या त्या शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडू का, तर प्रभू वळून त्यांनाच धमकावतो. आई त्या दिवशी रिक्षात घरापर्यंत हेच बोलत होती.

सगळ्यात छान झाला तो तिसरा दिवस, जुन्या करारातलं मलाखी 3. येणारा प्रभू सोनाराच्या अग्नीसारखा आणि परटाच्या खारासारखा आहे असं तिथे आहे. वर्गात एक काका होते, इतवारीच्या सराफ्यात चांदी गाळायचं काम करतात, ताईंनी त्यांनाच उभं केलं. काकांनी सांगितलं की मूस भट्टीत ठेवली की माणसाला उठून जाताच येत नाही, टाकणखार टाकला की मळ वर येतो तो काढायचा, परत तापवायचं, नजर हटली की माल वाया. मग ताईंनी तिसरी ओवी वाचली, तिथे तो "बसेल" असंच लिहिलंय, रुपे गाळणाऱ्यासारखा बसेल. हॉलमध्ये कोणी काहीच बोललं नाही थोडा वेळ.

चौथ्या दिवशी लूक 12:49 आणि 50. पृथ्वीवर अग्नी टाकायला आलो असं म्हणून लगेच पुढे मला एक बाप्तिस्मा घ्यायचा आहे आणि तो होईपर्यंत मी किती पेचात आहे असं प्रभू म्हणतो, आणि तो बाप्तिस्मा म्हणजे वधस्तंभ. बाप्तिस्मा या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बुडवणं. रोम 6 मध्ये पौल मरणात बाप्तिस्मा म्हणतो ते यालाच धरून. जो अग्नी त्याने टाकायचा म्हटला त्याच्या आधी तो स्वतः बुडाला, हे मी पहिल्यांदा असं जोडून ऐकलं.

तक्रारी पण आहेत. पेंटेकॉस्टवर पाचव्या दिवशी जेमतेम चाळीस मिनिटं मिळाली, जिभांसारख्या ज्वाला प्रत्येकावर बसल्या आणि कोणी होरपळलं नाही, मोशेच्या जळूनही भस्म न झालेल्या झुडपासारखंच, इतकं झालं आणि अन्य भाषांच्या प्रश्नाला वेळच उरला नाही. त्या दिवशी सुमारे तीन हजार जणांनी बाप्तिस्मा घेतला त्यावरही काही नाही. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा का मोठेपणी बुडवून, यावर दोन भाऊ जोरात बोलायला लागले तेव्हा ताईंनी एवढंच सांगितलं की 29 नोव्हेंबर 1970 ला आपल्याच नागपुरात, इथल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा दोन्ही पद्धती मान्य करूनच झालं. बरोबर आहे, पण यावर एक पूर्ण संध्याकाळ पाहिजे होती. नोट्सची झेरॉक्स फिकी, आईला वाचताच येईना. कूलरचा आवाज इतका की मागच्या तीन रांगांना ऐकू येत नव्हतं, आणि मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा पण म्हणता येत नाही, तर एक माइक घ्या बाप्पा.

शेवटच्या दिवशी आईने ताईंना सरळच विचारलं, माझा अग्नीचा बाप्तिस्मा झाला का हो. ताई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, मावशी, बाबा गेल्यानंतरची वर्षं कशी काढली तुम्ही. आई दहा मिनिटं बोलत होती, मी बाहेर गाडी काढायला गेले तरी बोलतच होती. मग ताईंनी तिला 1 पेत्र 1:7 काढून दिलं, अग्नीत पारखलेल्या सोन्याचं, आणि खाली पेन्सिलने रेघ मारली. घरी येऊन आई व्यवस्थित जेवली.

मी पाचपैकी साडेचार देईन. जाणार असाल तर आपलं स्वतःचं पवित्र शास्त्र न्या, हॉलमधली कमी पडतात, आणि सव्वासहालाच पोचा म्हणजे कूलरपासून लांब पुढची जागा मिळते.