विसार खात्यात, बंदूक गाडीत, नोंद मात्र विकणाऱ्याच्याच परवान्यावर

जुनी १२ बोर दोन नळी विकायची तर गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागते. परदेशी बनावटीच्या ३२ बोर रिव्हॉल्व्हरला मात्र फोन थांबत नाहीत. नवी परदेशी रिव्हॉल्व्हर सामान्य परवानाधारकाला सहज मिळत नसल्याने जुनीच हातोहात फिरते आणि भाव लाखांत जातो. भामटे घुटमळतात ते याच मालाभोवती.

त्यांची पद्धत ठरलेली असते. घासाघीस न करता भाव कबूल करायचा, परवान्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा आणि त्याच दिवशी विसार पाठवायचा. विसाराचे पैसे खरेच जमा होतात, म्हणून संशय येत नाही. मग माणूस गाडी घेऊन दारात येतो. "आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करावं लागेल, मग अडकाल. आजच देऊन टाका, उरलेली रक्कम परवान्यावर नोंद झाली की देतो." शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर विक्रीचा करार होतो, नोटरीचा शिक्का बसतो. परवान्याच्या लेखी त्या कागदाला शून्य किंमत. आठवड्याने फोन बंद लागतो, परवाना बनावट किंवा तिसऱ्याचाच निघतो. विकणारा पोलिसांकडे जायला कचरतो, कारण त्याने स्वतःच नियम मोडलेला असतो. सगळा डाव याच भीतीवर उभा आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५(२) प्रमाणे स्वतःच्या वापराचं हत्यार खासगीरीत्या विकता येतं. पण आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, त्यात घेणाऱ्याचं नाव-पत्ता हवा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मुदत मोजायला तोच पुरावा. ४५ दिवसांआधी हत्यार देणं कलम २५(३) खाली गुन्हा आहे, आणि समोरचा हत्यार बाळगायला पात्र आहे का याची खात्री न करता देणं कलम २९ खाली. उरलेली काडतुसं "अशीच घेऊन जा" म्हणून देणं हेही हस्तांतरणच.

परवाना तपासायचा तो मूळ, फोटो नव्हे. त्यावर युआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) असतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात बेकायदा दिलेल्या परवान्यांचा तपास सीबीआयला करावा लागला. तिथे कागद सरकारी होता, देणंच खोटं होतं. म्हणून ज्या कार्यालयाने परवाना दिला त्याच्याकडूनच लेखी पडताळणी मागवा. मुदत, क्षेत्र आणि हत्याराचा प्रकार पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा परवान्यावर आधीच दोन नोंदी असतील तर बोलणं तिथेच संपलं. घेणारा २१ वर्षांचा तरी हवा.

"लष्करात आहे, बदली झाली, हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" हा जुना प्रकार इथेही चालतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

सर्वांत सोपं सावज म्हणजे वारस. परवानाधारक गेल्यावर घरात राहिलेलं हत्यार परवाना नसलेल्या वारसाला बाळगता येत नाही, मग घरातून विकणं दूरच. "ठाण्यात मी जमा करून येतो, वहिनी" म्हणणाऱ्याच्या हाती ते देऊ नये. पोलीस ठाणं किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेता यांच्याकडे विनाविलंब जमा करून पावती घ्यावी (कलम २१). विक्री करायची तर तिथूनच, पात्र माणसाला.

ओळखीचा माणूस असला तरी व्यवहार गन हाऊसमध्ये, म्हणजे परवानाधारक शस्त्र विक्रेत्याच्या दुकानात, करणं शहाणपणाचं. हत्यार तिथे जमा, पावतीवर कंपनी, बोर आणि नंबर. नंबर हत्यारावरून वाचून लिहावा, परवान्यावरून उतरवू नये. नंबर घासलेला आढळला तर कलम ८ प्रमाणे संशय ज्याच्या ताब्यात हत्यार आहे त्याच्यावर येतो. पूर्ण रक्कम खात्यात, मुदत संपलेली, विक्रीची लेखी परवानगी हाती, एवढं जुळल्यावर ताबा. मग आपल्या परवान्यावरून नोंद कमी करून घ्या.

हत्यार गेलंच असेल तर वाट पाहू नका. त्याच दिवशी ठाण्यात तक्रार द्या आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा. सोबत हत्याराचा नंबर, विसाराचा बँक उतारा, परवान्याचा तो फोटो, संदेश आणि गाडीचा नंबर.