तीस हजारांत दहाचाकीचा विमा? पॉलिसी दुचाकीची निघते

28 टनी दहाचाकी ट्रकची थर्ड पार्टी पॉलिसी (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा सक्तीचा विमा) 30 हजारांत काढून देतो, असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. इंदूरच्या एका गाडीमालकाने तेवढे मोजले. पीडीएफवर नामांकित कंपनी, गाडी नंबर, चासी नंबर सगळं बरोबर. एमपरिवहन या सरकारी ॲपवर विमाही चालू. अपघातानंतर कंपनीकडे गेल्यावर कळलं, त्या क्रमांकाची पॉलिसी मोटरसायकलची आहे.

एजंट ऑनलाइन दुचाकीची पॉलिसी काढतो. 75 ते 150 सीसीच्या थर्ड पार्टीचा दर जून 2022 च्या दरपत्रकात 714 रुपये आहे, जीएसटी वेगळा. गाडी नंबराच्या रकान्यात मात्र तुमच्या ट्रकचा एमपी 09 वाला नंबर टाकतो. पॉलिसी क्रमांक खरा, त्यामुळे सरकारी नोंदीत तो तुमच्या ट्रकच्या नावावर चढतो. मग पीडीएफमध्ये वाहनाचा प्रकार, वजन आणि प्रीमियम बदलून ती व्हॉट्सॲपवर येते. ॲपवर कंपनी, क्रमांक आणि मुदत दिसते, प्रीमियम दिसत नाही. म्हणून रस्त्यावरच्या तपासणीतही वर्षभर काही उघड होत नाही.

थर्ड पार्टीचा दर कंपनीच्या हातात नाही, तो केंद्र सरकार ठरवतं. जून 2022 च्या दरपत्रकात भाड्याने चालणाऱ्या मालवाहू ट्रकला 12 ते 20 टन एकूण वजनासाठी 35,313 आणि 20 ते 40 टनांसाठी 43,950 रुपये आहेत, जीएसटी वेगळा. घासाघीस होते ती फक्त ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) प्रीमियमवर. 'माझ्या कमिशनमधून सोडतो' असं एजंट सांगतो, पण विमा कायद्याच्या कलम 41 नुसार तेही चालत नाही.

विमा नसल्याचा पहिला दंड 2,000 रुपये, तो कुणीही भरेल. खरा फटका अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या दावा न्यायाधिकरणात बसतो: माणूस दगावला तर भरपाई लाखांत जाते आणि ती मालकाकडून वसूल होते.

पैसे थेट कंपनीच्या खात्यात भरा. पीडीएफवरच्या क्यूआरवर विसंबू नका, तो बनावट पानावरही नेतो. कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा, पॉलिसी तिथूनच डाउनलोड करून घ्या आणि वाहनाचा प्रकार व वजन आरसीशी (गाडीच्या नोंदणीपत्राशी), प्रीमियम दरपत्रकाशी ताडून पाहा.

घोळ सापडलाच तर गाडी उभी करा आणि आधी कंपनीकडून खरी पॉलिसी घ्या. मागच्या तारखेची कुणी देत नाही. मग पोलिसांत तक्रार करा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही कळवा. एजंटबरोबरचं चॅट, मूळ पीडीएफ आणि पैसे दिल्याची नोंद यातलं काहीही खोडू नका.